हिरोशिमाला जाल तेव्हा तवा बघा



मागच्या महिन्यात आपल्या केंद्रावर एका मावशींचा फोन आला होता. बचत गटाच्या जुन्या सदस्य. त्यांची लेक जपानी भाषा शिकून तिकडे गेली, वृद्ध माणसांच्या सेवेचं काम करते. आता तिनं आईला नोव्हेंबरात पंधरा दिवसांसाठी बोलावलंय. लेक राहते हिरोशिमा शहरात. मावशींचे प्रश्न दोनच होते. ‘बाई, तिथं बघायचं काय? आणि मी माळकरी, तिथं खायचं काय?’

फोनवर मी काहीतरी उत्तर दिलं, पण माझंच समाधान झालं नाही. मी बत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. त्या बत्तीस वर्षांत हिरोशिमा माझ्या फळ्यावर दरवर्षी एका ओळीत येऊन गेलं. ‘६ ऑगस्ट १९४५ रोजी अमेरिकेने जपानमधील ------ या शहरावर अणुबॉम्ब टाकला.’ रिकामी जागा भरा, गुण एक. निवृत्त झाल्यावर भाचीबरोबर तिथं चार दिवस राहून आले, तेव्हा माझी मलाच लाज वाटली. त्या रिकाम्या जागेत साडेतीन लाख माणसं राहत होती. त्यातली जी वाचली त्यांना सात तारखेलाही भूक लागली, आठ तारखेलाही लागली. त्यांना कुणी जेवू घातलं, हे मी कधी वर्गात सांगितलं नाही, कारण मलाच ठाऊक नव्हतं. आज सांगते. सांगता सांगता मावशींना शहरही फिरवून आणते.

बहुतेक लोक ओसाकाहून बुलेट ट्रेननं येतात. साधारण दीड तास. वाटेत ओकायामा नावाचं स्टेशन लागतं. पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे ना, ते या ओकायामातल्या कोराकुएन बागेवरून बेतलेलं आहे. तेव्हा मावशी, ओकायामा आलं की लेकीला म्हणा, ‘हे आपल्या पुण्याचे पाहुणे.’ तिथून अर्ध्यापाऊण तासात हिरोशिमा.

हिरोशिमा या शब्दाचा अर्थ रुंद बेट. नदी समुद्राला मिळण्याआधी फाटे फुटून जी सपाट जमीन तयार होते, तिच्यावर हे शहर वसलं आहे. जिकडे जाल तिकडे नदी आणि पूल. १५८९ साली मोरी नावाच्या सरदारानं इथं किल्ला बांधायला घेतला, तेव्हापासून शहराचा इतिहास सुरू होतो. किल्ला आजही दिसतो, पण तो १९५८ साली सिमेंट काँक्रीटमध्ये पुन्हा उभारलेला. तो बाहेरूनच पाहा. एक गोष्ट मात्र त्या किल्ल्यापाशी लक्षात घ्या. हे शहर लष्कराचं होतं. १८९४ मध्ये जपाननं चीनशी युद्ध केलं तेव्हा जपानचा सम्राट इथं येऊन राहिला होता आणि युद्धाचा कारभार इथून चालला. इथल्या उजिना बंदरातून पन्नास वर्षं सैनिक बोटीत बसून दुसऱ्यांचे देश जिंकायला गेले. बॉम्बमध्ये मेलेल्या लेकराबाळांचा त्यात दोष नव्हता. पण ही बाजू सांगितली नाही तर गोष्ट अर्धीच राहते.

शहरात फिरायचं ते ट्रामनं. रस्त्यातल्या रुळांवरून टुणटुण घंटा वाजवत जाणारी गाडी. मुंबईत ट्राम होती तेव्हाची माणसं आता फार थोडी उरली. हिरोशिमाची ट्राम १९१२ साली सुरू झाली, ती आजही चालते. इतर शहरांनी आपल्या ट्रामा मोडीत काढल्या, तेव्हा हिरोशिमानं त्यांच्या जुन्या गाड्या घेऊन चालवल्या. म्हणून एका थांब्यावर उभं राहिलात तर नव्या-जुन्या, हिरव्या-तपकिरी, नाना तऱ्हेच्या गाड्या जाताना दिसतात. त्यांत ६५१ आणि ६५२ अशा नंबरच्या दोन गाड्या आहेत. त्या बॉम्बमधून वाचलेल्या. लेकीला सांगून ठेवा, यातली एखादी दिसली तर मला दाखव म्हणून.

आता या ट्रामची गोष्ट. युद्ध लांबलं, तसे ट्राम चालवणारे पुरुष एकेक करून फौजेत गेले. गाड्या चालवायला माणूस उरलं नाही. मग ट्राम कंपनीनं १९४३ साली मुलींची एक शाळा काढली. आजूबाजूच्या खेड्यांतल्या शेतकऱ्यांच्या पोरी घेतल्या, चौदा ते सतरा वर्षांच्या. अर्धा दिवस शिक्षण, अर्धा दिवस गाडीवर काम. आधी तिकिटं फाडायची, मग गाडीही चालवायची. गरीब घरच्या पोरींना शिकायला मिळतंय म्हणून आईबापांनी पाठवल्या. तुमच्या-माझ्या घरातल्या पोरींचंच वय. बॉम्ब पडला त्या सकाळी सव्वाआठ वाजता यातल्या कितीतरी जणी गाडीवर होत्या. काही जागेवर गेल्या, काही पुढच्या दिवसांत गेल्या.

आणि बॉम्बनंतर तिसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, शहराच्या पश्चिम अंगाला एका छोट्या टप्प्यावर ट्राम पुन्हा सुरू झाली. आजूबाजूला राखरांगोळी, नदीत प्रेतं आणि रुळांवरून एक गाडी हळूहळू चाललेली. त्या गाड्यांवर कामाला या शाळेतल्या मुली होत्या. ज्याच्याकडे पैसे नव्हते त्याच्याकडून त्यांनी पैसे मागितले नाहीत. मग युद्ध संपलं, पुरुष परत आले, शाळा बंद झाली आणि मुलींना घरी जायला सांगितलं. गरज होती तोवर चालवल्या, गरज सरली तशा पाठवून दिल्या. ही गोष्ट ऐकून तुम्हाला काही ओळखीचं वाटलं तर मला नवल वाटणार नाही.

ट्राम ‘गेन्बाकू डोम’ नावाच्या थांब्यावर थांबते. उतरलं की समोरच ती इमारत. वरचा घुमट म्हणजे नुसत्या लोखंडी बरगड्या, भिंती अर्ध्या. १९१५ साली बांधलेली ही इमारत जिल्ह्यातला माल मांडून विकायला होती, आपण सरस प्रदर्शन म्हणतो तसल्या कामाची. यान लेत्झेल नावाच्या चेक वास्तुकारानं ती बांधली. बॉम्ब जवळजवळ हिच्या डोक्यावर, जमिनीपासून सहाशे मीटर उंचीवर फुटला. आतली सगळी माणसं गेली, भिंती तेवढ्या राहिल्या. पुढं कितीतरी वर्षं शहरात वाद होता, हे पडकं ठेवायचं की पाडायचं. वाचलेल्यांतल्या कित्येकांना ते नजरेसमोर नको होतं, आणि त्यांचंही खरंच होतं. अखेर एका सोळा वर्षांच्या मुलीच्या रोजनिशीनं पारडं फिरलं. बॉम्ब पडला तेव्हा ती वर्षाची होती, १९६० मध्ये रक्ताच्या कर्करोगानं गेली. ही इमारतच जगाला काय घडलं ते सांगत राहील, अशा अर्थाचं तिनं लिहून ठेवलं होतं. तिच्या वयाच्या मुलांनी सह्या गोळा केल्या, पैसे गोळा केले आणि १९६६ साली नगरपालिकेनं इमारत जपायचा ठराव केला. १९९६ पासून ती जागतिक वारसा आहे.

पलीकडे शांतता उद्यान. हिरवळ, झाडं, कमानी. फोटो काढायला सुंदर. पण मावशी, तिथं चालताना हे ध्यानात असू द्या की इथं बाग नव्हती, पेठ होती. दुकानं, घरं, देवळं, न्हाव्याचं दुकान, खेळणारी पोरं. सगळं त्या एका सकाळी गेलं. बॉम्ब पडल्यापासून १९४५ साल संपेपर्यंत शहरात सुमारे एक लाख चाळीस हजार माणसं मेली. बागेत मुलांचं एक स्मारक आहे, कागदाच्या लाखो करकोच्यांनी सजलेलं. सादाको सासाकी या मुलीच्या आठवणीचं. ती दोन वर्षांची असताना बॉम्ब पडला, बारा वर्षांची होऊन १९५५ साली रक्ताच्या कर्करोगानं गेली. आजारपणात ती बरं होण्यासाठी कागदाचे करकोचे घडवत होती. तिच्या वर्गमित्रांनी पुढाकार घेतला आणि १९५८ साली हे स्मारक झालं. आपल्या शाळांतूनही पोरं असे करकोचे करतात. मावशी, नातवंडांकडून दोन-चार करून घेऊन जा, तिथं वाहायला जागा आहे.

मग संग्रहालय. इथं घाई करू नका, आणि सोबत लहान पोर असेल तर विचार करून आत जा. मला तिथल्या शेकडो वस्तूंतली एक विसरता येत नाही. एक जेवणाचा डबा. वाकलेला, आतलं अन्न कोळसा झालेलं. तेरा वर्षांच्या एका मुलाचा. त्या दिवसांत शाळेच्या हजारो मुलांना शहरातली घरं पाडायच्या कामावर लावलं होतं, बॉम्बहल्ल्यात आग पसरू नये म्हणून मोकळे पट्टे तयार करायला. त्या दिवशी अशी सुमारे सहा हजार शाळकरी पोरं गेली. या मुलाला आईनं सकाळी डबा भरून दिला. जव आणि सोयाबीन मिसळलेला भात आणि बटाट्याची भाजी. टंचाईच्या काळात ती मेजवानीच. मुलगा खुशीत गेला. आई तीन दिवस त्याला शोधत फिरली. सापडला तेव्हा देह जळालेला होता आणि डबा पोटाखाली तसाच होता. डबा उघडलेला नव्हता.

मी त्या काचेसमोर उभी राहिले आणि माझ्या मनात काय यावं? की या बाईनं संध्याकाळी पुन्हा चूल कशी पेटवली असेल. घरात बाकीची माणसं असतील, त्यांना जेवायला तर हवंच.

इथून आपल्या तव्याची गोष्ट सुरू होते.

बॉम्बनंतर सहा आठवड्यांत, सप्टेंबरच्या सतरा तारखेला, हिरोशिमावर मोठं चक्रीवादळ आलं. जिल्ह्यात दोन हजारांहून अधिक माणसं त्यातही गेली. शेतं बुडाली. तांदूळ आधीच शिध्यावर, आता शिधाही येईना. लोक रुळांच्या कडेला वाढणारं तण खुडून आणत, त्याला ‘रेल्वे गवत’ म्हणत, आणि चिमूटभर पिठात कालवून त्याचे गोळे करून खात. आपल्याकडे बहात्तरच्या दुष्काळातल्या आज्यांना विचारा, तरोट्याची नि कुंजराची भाजी त्यांनी कशी काढली ते सांगतील.

मग अमेरिकेतून गहू आला, गव्हाचं पीठ आलं. ज्यांनी बॉम्ब टाकला त्यांचंच पीठ. मदत होती, तशीच त्यांच्या जादा गव्हाला गिऱ्हाईक तयार करायची युक्तीही होती. शाळेतल्या पोरांना भाताऐवजी पाव मिळू लागला. आपल्याकडे अमेरिकेची लाल मिलो आली तेव्हा आपल्या बायकांनी नाकं मुरडत का होईना, तिच्या भाकरी थापल्या. हिरोशिमाच्या बायकांसमोरही तोच प्रश्न होता. भात खाणाऱ्या घरात या पिठाचं करायचं काय?

त्यांना एक जुनी गोष्ट आठवली. युद्धाआधी गल्लीतल्या गोळ्या-बिस्किटांच्या दुकानात पोरांसाठी एक खाऊ मिळायचा. पीठ पाण्यात सैल कालवून तव्यावर पातळ पसरायचं, वर कांद्याची पात भुरभुरायची, घडी घालून कागदात द्यायचं. आपलं धिरडंच म्हणा ना. त्याला ‘इस्सेन योशोकु’ म्हणत, म्हणजे एका पैशाचं विलायती जेवण. आता तोच पोरांचा खाऊ मोठ्यांचं जेवण झाला. कांद्याची पात महाग होती, कोबी स्वस्त आणि पोट भरणारा, म्हणून कोबी आला. लोखंडाचा जाड सपाट पत्रा मिळवणं हिरोशिमात अवघड नव्हतं. बंदराचा, जहाजबांधणीचा भाग तो. पत्रा हाच तवा.

आणि तव्यामागं उभ्या राहिल्या बायका. यातल्या कितीतरी जणींचे नवरे युद्धात किंवा बॉम्बमध्ये गेले होते. घरात लहान पोरं, म्हातारी सासू. बाहेर नोकरी करायची तर पोरांकडे कोण बघणार? भांडवल म्हणावं तर काही नाही. मग घराचा पुढचा सोपा मोकळा करायचा, तिथं पत्रा ठेवायचा, खाली जाळ, समोर चार माणसं बसतील एवढं बाक. दुकान तयार. आतल्या खोलीत पोर रडलं तर ऐकू येतं, पुढं गिऱ्हाईक आलं तर दिसतं. बॉम्बमध्ये वाचलेल्यांना औषधपाण्याची मदत देणारा जपानी सरकारचा कायदा झाला १९५७ साली, बारा वर्षांनी. तोवर ज्याचं त्यानं बघायचं. वाचलेल्या मुलींची लग्नं जमत नसत, म्हणून कित्येकींनी आपण त्या दिवशी शहरात होतो हेच लपवलं. अशा काळात सोप्यातला तवा म्हणजे रोजचा रोख पैसा होता. गटाच्या बैठकीत आपण ‘घरबसल्या उद्योग’ म्हणतो, तो हाच. फक्त तिथं ना कर्ज होतं, ना प्रशिक्षण.

या पदार्थाचं नाव ओकोनोमियाकी. ‘ओकोनोमि’ म्हणजे तुमच्या आवडीचं, ‘याकी’ म्हणजे भाजलेलं. हिरोशिमात ते कसं करतात सांगते, तव्याकडे नीट बघा. आधी पातळ पिठाचं धिरडं, अगदी कागदासारखं. त्यावर सुक्या मासळीची पूड. मग कोबीचा हा एवढा ढीग, बघून वाटतं हे काही मावणार नाही. मोड आलेले मूग. तळलेल्या पिठाच्या चुरचुरीत कण्या. वर डुकराच्या मांसाचे पातळ काप. थोडं पीठ शिंपडायचं आणि दोन उलथन्यांनी सगळं एका झटक्यात उलटं करायचं. आता कोबी धिरड्याखाली वाफेवर शिजतो, बसतो. तोवर शेजारी गव्हाच्या शेवया परतायच्या, त्यांवर हा डोलारा ठेवायचा. मग अंडं फोडून पसरायचं, त्यावर सगळं ठेवून पुन्हा उलटायचं. वर घट्ट, आंबटगोड काळसर सॉस. शेवया नंतर आल्या, कामगार गडी एका धिरड्यानं उठेनात म्हणून. ओसाकात हाच पदार्थ सगळं एकत्र कालवून करतात. दोन्ही शहरं एकमेकांचं नाव काढलं की नाक मुरडतात. मला विचाराल तर थर लावलेलं जास्त चांगलं, कोबीची गोडी त्यातच कळते.

आणि खायचं कसं? ताट नाही. तव्यावरूनच, छोट्या उलथन्यानं तुकडा पाडायचा आणि उलथन्यानंच तोंडात. माझी जीभ पहिल्याच घासाला पोळली.

सॉसचीही एक गोष्ट आहे. तिथली ओताफुकु नावाची कंपनी आधी सोया सॉस आणि दारू विकायची, मग व्हिनेगर करू लागली. सुरुवातीला तव्यावाल्या दुकानांत विलायती पातळ सॉस वापरत. तो धिरड्यावर टिकेना, ओघळून तव्यावर जळायचा. दुकानदारांचं ऐकून कंपनीनं १९५२ साली घट्ट सॉस तयार केला. आता तर त्यात खजूरही असतो. ‘ओताफुकु’ म्हणजे गुबऱ्या गालांची हसरी बाई, जपानात तो शुभ चेहरा मानतात. बाटलीवर ती दिसेलच.

दुकानांच्या नावांकडे बघा. कितीतरी पाट्यांवर शेवटी ‘चान’ असतं. आपण मंगलला लाडानं मंगी म्हणतो, तसं तिथं नावापुढं चान लावतात. ‘अमकी-चान’चं दुकान, म्हणजे आपल्या मंगीचं दुकान. कुणी म्हणतं, युद्धात हरवलेल्या माणसाला पाटी वाचून घर सापडावं म्हणून ही नावं दिली. ऐकायला फार हृद्य आहे, पण मला वाटतं सरळ कारण पुरे आहे: गल्लीतले लोक जी हाक मारायचे तेच दुकानाचं नाव झालं. आणि प्रत्येक ‘चान’ बाईच होती असंही समजू नका. ‘मिच्चान’ हे १९५० पासूनचं फार नावाजलेलं दुकान, ते एका घरातल्या मुलग्याच्या लाडाच्या नावावरून. हातगाड्या लावणाऱ्यांत पुरुषही पुष्कळ होते. सगळं श्रेय बायकांना द्यायचा मला मोह होतो, पण इतिहास शिकवलेल्या बाईनं तो आवरावा.

शहराच्या मधोमध शिन्तेन्चीच्या मैदानात पन्नासच्या दशकात रोज रात्री हातगाड्यांची रांग लागायची. पुढं नगरपालिकेला तिथं बाग करायची होती, गाड्या उठवल्या. आपल्या बाजारातून हातगाडीवाले उठवतात तसंच. तेव्हा या लोकांनी विखुरण्याऐवजी एकत्र येऊन जवळच एका छपराखाली दुकानं मांडली. तेच ‘ओकोनोमिमुरा’, म्हणजे ओकोनोमियाकीचं गाव. आताची इमारत १९९२ची, तीन मजल्यांवर वीसेक तवे. ट्रामनं हात्चोबोरीला उतरून चालत जाता येतं. पण माझं ऐकाल तर एक वेळ तिथं जा आणि एक वेळ लेकीच्या घराजवळच्या गल्लीतल्या, चार-सहा खुर्च्यांच्या दुकानात जा. मी गेले होते तिथं सत्तरीच्या पुढच्या एक आजी होत्या. आईचं दुकान पुढं चालवत होत्या. तव्याचा मधला भाग वापरून वापरून खोलगट झाला होता. त्यांनी माझी साडी बघितली, मी त्यांचं उलथनं धरायचं कसब बघितलं. भाषा येत नव्हती, तरी कोबी बारीक कसा चिरायचा यावर आमचं पाच मिनिटं हातवाऱ्यांनी बोलणं झालं.

त्या घुमटाला जगानं वारसा म्हटलं, ते योग्यच केलं. सोप्यात तवा मांडून पोरं वाढवणाऱ्यांचं स्मारक मात्र मला त्या चार दिवसांत कुठं दिसलं नाही. तो खोलगट तवा दिसला.

आता माळेचा प्रश्न. मावशी, हे आधीच ओळखून असा: मांस काढून टाका म्हटलं तरी मासळीची पूड राहते, सॉसमध्ये अर्क असू शकतो आणि त्याच तव्यावर शेजारी मांस भाजत असतं. ज्यांना नुसतं मांस वर्ज्य आहे त्यांनी ‘निकु नाशि’ म्हणावं, मासळी नको तर ‘साकाना नाशि’, अंडं नको तर ‘तामागो नाशि’. लेकीनं हे सगळं एका कागदावर जपानीत लिहून दिलं तर उत्तम, दुकानदार मन लावून वाचतात. पण तवाच चालणार नसेल, तर दुकानात फक्त बघायला बसा आणि लेकीच्या घरी कोबी, मूग, पीठ आणून दोघी मिळून करा. साहित्य सगळं आपल्या ओळखीचं आहे. ज्या मैत्रिणी मासळी खातात, त्यांच्यासाठी हिरोशिमाची कालवं. समुद्रात कालवं वाढवायचं काम तिथं साडेचारशे वर्षांपासून चालतं आणि जपानची निम्म्याहून जास्त कालवं याच जिल्ह्यात होतात. ती फोडायला बसतात त्या बहुतेक बायकाच. रत्नागिरी-मालवणच्या आपल्या मैत्रिणींना कोयत्यानं कालवं काढताना हात कसे फाटतात ते सांगायला नको.

एक दिवस मियाजिमा बेटासाठी ठेवा. बोटीनं दहा मिनिटं. समुद्रात उभी लाल कमान तुम्ही चित्रात बघितली असेल, ती इथली. आताची कमान १८७५ सालची, सोळा मीटर उंच. भरतीला पाण्यात, ओहोटीला चिखलात. दोन्ही वेळा बघा. देऊळ तीन देवींचं. आणि या देवींच्या बेटावर पूर्वी बाईला बाळंत व्हायची मनाई होती. दिवस भरत आले की तिनं होडीत बसून पैलतीरी जायचं. मासिक पाळीतही वेगळं राहायचं. मरणाचाही विटाळ, म्हणून बेटावर आजही स्मशान नाही. गडचिरोलीतलं कुरमाघर ज्यांना माहीत आहे, त्यांना वेगळं काही सांगायला नको. देवी असलेल्या गावीही बाईचा विटाळ मानतात, हे आपल्याकडचं कोडं तिकडेही आहे.

शेजारच्या दाइगान्जी मठात बेन्झाइतेन आहे. मावशी, तिथं हात जोडा, ती आपली सरस्वती आहे. बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानला गेलेली, हातात वीणेच्या जागी बिवा नावाचं वाद्य. सुमारे १८०० साली सेइशिन नावाच्या भिक्षूला स्वप्नात ती दिसली, अशी तिथली कथा आहे. त्या वाद्याचा आकार बघून त्यानं भात वाढायचा लाकडी हात घडवला आणि बेटावरच्या लोकांना तो करायला शिकवलं, पोटाला धंदा व्हावा म्हणून. बेटावर शेती जवळजवळ नाही. तेव्हापासून मियाजिमाची भातवाढी जपानभर जाते. बाजारपेठेत ७.७ मीटर लांबीची एक भली मोठी भातवाढी मांडून ठेवली आहे, तिच्यासमोर सगळे फोटो काढतात. उजिना बंदरातून लढाईला निघालेले सैनिक इथं येऊन भातवाढी वाहायचे. कारण जपानीत ‘भात घेणे’ आणि ‘शत्रूला पकडणे’ हे शब्द सारखेच ऐकू येतात. सरस्वतीच्या वीणेवरून केलेल्या भातवाढीचा असाही उपयोग झाला.

तिथंच मोमिजी मान्जू मिळतात, मेपलच्या पानाच्या आकाराचे छोटे केक, आत लाल चवळीसारख्या कडधान्याचं गोड पुरण. शंभर वर्षांपूर्वी बेटावरच्या एका खानावळीच्या मालकिणीनं हलवायाला सांगून ते करवून घेतले. पुरणाला हरकत नाही, पण वरच्या आवरणात अंडं असतं, हे माळकऱ्यांनी लक्षात ठेवा. नोव्हेंबरात तिथली मेपलची झाडं लालबुंद होतात, तेव्हा मावशी, तुमची वेळ चांगली आहे. थंडी असते, स्वेटर घ्या.

परतताना बोटीवर बसलात की लेकीला एक विचारा. जपानच्या खेड्यांत पूर्वी सासू कारभार सोडायची तेव्हा सुनेच्या हाती भात वाढायची भातवाढी द्यायची. आपण कमरेच्या किल्ल्या म्हणतो ना, तसं. त्याला ‘शाकुशि-वाताशि’ म्हणत. किती भात शिजवायचा, कुणाला किती वाढायचा, कुणाच्या ताटात खरवड पडायची, हे सगळं त्या लाकडाच्या तुकड्यात. ती ज्या वृद्ध बायकांना रोज न्हाऊ-माखू घालते, त्यांतल्या एखादीला हे आठवत असेल. त्या आजी तिला ते सांगतील, ती तुम्हाला सांगेल, तुम्ही परत आलात की आपल्या केंद्रावर या आणि आम्हाला सांगा. आणि बाजारातून गटासाठी एक भातवाढी घेऊन या. लाकडाचीच घ्या, हलकी असते.